फुल साइझ कॅरम बोर्ड : आधी सपाटी, मग जाडी

खेळाच्या दुकानात कॅरम मागितला की समोरून पहिला प्रश्न येतो, "किती एमएमचा दाखवू?" चार, सहा, आठ, बारा, सोळा, वीस, चोवीस असे आकडे सांगितले जातात आणि आकडा वाढला की किंमत चढते. घेणाराही मग आपल्या खिशाला झेपेल तो सर्वांत मोठा आकडा उचलतो. ही निवड बहुतेक वेळा चुकते. बोर्ड कसा चालेल हे आधी त्याच्या सपाटीवर ठरतं, नंतर कडेच्या लाकडावर, त्यानंतर पॉलिशवर. प्लायची जाडी या तिघांच्या मागून येते. सोळा एमएमचा वाकलेला बोर्ड आठ एमएमच्या सपाट बोर्डापुढे टिकत नाही, आणि दुकानात दोन्ही सारखेच चकचकीत दिसतात.

आधी माप. सामन्याच्या बोर्डाचा खेळायचा पट ७३.५ ते ७४ सेंटिमीटर चौरस असतो, म्हणजे साधारण २९ इंच. दुकानात आणि ऑनलाइन यादीत मात्र बाहेरचं माप सांगतात. दोन इंची कड असेल तर तोच बोर्ड ३३ इंचांचा होतो आणि तीन इंची कड असेल तर ३५ इंचांचा. त्यामुळे "३२ इंच" असं लिहिलेल्या बोर्डात आतला पट किती, हे टेप लावल्याशिवाय कळत नाही. टेप कडेच्या आतल्या बाजूपासून समोरच्या कडेच्या आतल्या बाजूपर्यंत धरा आणि दोन्ही दिशांनी मोजा. मग दोन्ही कर्ण मोजा. ७४ सेंटिमीटरच्या चौकोनाचा कर्ण जेमतेम १०४.६ सेंटिमीटर येतो. कोपऱ्यात पॉकेट असल्यामुळे टेपचं टोक नेमकं टेकत नाही, म्हणून पट्टीची मदत घ्या. आकडा नेमका जुळण्यापेक्षा दोन्ही कर्ण एकमेकांशी जुळणं महत्त्वाचं. तीन-चार मिलिमीटरचा फरक दिसला तर चौकट तिरकी बसली आहे. अशा बोर्डावर डबल, म्हणजे सोंगटी कडेवर आपटवून पॉकेटमध्ये घालायचा फटका, मारताना एका बाजूला अंदाज बरोबर येतो आणि दुसऱ्या बाजूला तोच फटका पॉकेटच्या ओठावर आपटून परत येतो. खेळणारा हाताला दोष देत राहतो.

"३ × २" किंवा "२ × दीड" हे आकडे कडेचे असतात. पहिला रुंदीचा, दुसरा उंचीचा, दोन्ही इंचांत. पटाच्या वर कड १.९० ते २.५४ सेंटिमीटर दिसली पाहिजे, बाकीचं लाकूड पटाच्या खाली जातं. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे कडेची रुंदी ६.३५ ते ७.६० सेंटिमीटर, म्हणजे अडीच ते तीन इंच. दुकानदार "बुलडॉग" म्हणतो तेव्हा त्याला रुंद, जड कडेचा बोर्ड म्हणायचं असतं. हा शब्द, तसंच "जंबो", "चॅम्पियन" हे शब्द वेगवेगळ्या कंपन्यांच्या बोर्डांवर सापडतात, त्यावरून दर्जा ठरवू नका. सुरको, सिस्का, सिन्को ही नावं दुकानात नेहमी दिसतात. प्रत्येकाकडे हलक्यापासून स्पर्धेच्या बोर्डापर्यंत सगळे प्रकार असतात, म्हणून नुसतं नाव सांगून बोर्ड मागवण्यात अर्थ नाही. कॅरम महासंघाच्या मान्यतेचा शिक्का असलेला बोर्ड बघायला जरूर घ्या. पण शिक्का त्या मॉडेलबद्दल सांगतो. तुमच्यासमोरची प्रत गोदामात सहा महिने भिंतीला तिरकी टेकून उभी होती का, हे शिक्का सांगत नाही.

आता जाडीबद्दल. नियमाला किमान आठ मिलिमीटर प्लाय लागतो. त्याखालचे चार आणि सहा एमएमचे लहान मापाचे बोर्ड मुलांना खेळणं म्हणून ठीक आहेत. कारण साधं आहे. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे चार एमएमपेक्षा आठ एमएमचा प्लाय आठपट कमी वाकतो. चार एमएमचा पट मध्यभागी बसतोच, कधी वर्षात, कधी एका पावसाळ्यात. आठवरून सोळावर गेलात की ताठपणा पुन्हा आठपट होतो, पण घरच्या वापरात इतक्या ताठपणाची गरज पडत नाही. आठ एमएमच्या पटाला खालून आडव्या पट्ट्यांचा चांगला आधार असेल तर तो वर्षानुवर्षं सरळ राहतो. जाड प्लायचा खरा फायदा जोराच्या फटक्याला मिळतो. पट कमी थरथरतो, आवाज भरीव येतो आणि सोंगटी जागेवरून न उडता सरकते. रोज आठ-दहा जण खेळणाऱ्या मंडळाला किंवा सोसायटीच्या क्लबहाउसला हा फायदा घेण्यासारखा आहे.

वजनाचा विचार बहुतेक जण घरी पोचल्यावर करतात. आठ एमएमचा पट आणि दोन इंची कड असेल तर बोर्ड अंदाजे आठ-नऊ किलोंचा होतो आणि एक माणूस तो उचलून कपाटामागे ठेवतो. सोळा एमएम आणि तीन इंची कडेचा बोर्ड पंधरा-सोळा किलोंपर्यंत जातो. दोन खोल्यांच्या घरात रोज काढायचा आणि ठेवायचा असेल तर इतका जड बोर्ड महिनाभरात पलंगाखाली जातो आणि तिथेच राहतो.

सपाटी तपासायला फारसं सामान लागत नाही. दोन फुटी स्टीलची पट्टी किंवा अॅल्युमिनियमची सरळ पट्टी आणि एक व्हिजिटिंग कार्ड पुरतं. पट्टी उभ्या धारेवर पटाच्या मध्यभागी ठेवा, पलीकडून मोबाइलचा टॉर्च लावा आणि पट्टीखालून उजेड कुठे फुटतो ते बघा. आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांवर अशी चार वेळा ठेवा. केसाएवढा उजेड दिसला तर चालतो. व्हिजिटिंग कार्ड पट्टीखालून सहज सरकलं तर तो बोर्ड परत ठेवा. पट्टी मध्यभागी टेकून दोन्ही टोकांना डुलत असेल तर पट वर फुगला आहे. असा बोर्ड खोलगट बोर्डापेक्षा वाईट, कारण हळू सोडलेली सोंगटी मध्यरेषेवरून कडेकडे पळते आणि पॉकेटच्या तोंडाशी नेमकी वळते.

नंतर सोंगटी उभी धरून पटभर हलकेच टकटक करा. सगळीकडे एकसारखा आवाज आला पाहिजे. कुठे पोकळ, फुटका आवाज आला तर तिथे प्लायच्या थरांमधला डिंक सुटलेला आहे. आज ती जागा डोळ्यांना दिसत नाही. पावसाळ्यात तिथे फोड येतो आणि त्यावर इलाज नाही.

तिसरी तपासणी चालवून करायची. दुकानदार बोर्ड दाखवताना पावडर भरपूर टाकतो आणि स्ट्रायकर सणसणीत पळतो. त्यावर भाळू नका. ती पावडर कोरड्या कापडाने पूर्ण पुसून काढा, मग अगदी चिमूटभर टाका आणि पसरवा. नियमाची कसोटी अशी की पंधरा ग्रॅमचा स्ट्रायकर पूर्ण जोराने मारला तर दोन कडांच्या मधला पट त्याने निदान साडेतीन वेळा ओलांडला पाहिजे. प्रत्येकाच्या बोटात तेवढा जोर नसतो. म्हणून दोन-तीन बोर्ड शेजारी ठेवून तोच स्ट्रायकर, तोच हात, तितकीच पावडर वापरून तुलना करा. साधारण सारख्या जोराने मारूनही एक बोर्ड फेरीभर कमी पडत असेल तर त्याचं पॉलिश किंवा कड मऊ आहे.

त्यानंतर हळू फटका. बेसलाइनवरून स्ट्रायकर इतक्या हलक्या हाताने सोडा की तो समोरच्या कडेपाशी जेमतेम थांबेल. शेवटच्या वीतभर अंतरात तो एका बाजूला वळला तर दोन शक्यता असतात, एक तर टेबल तिरकं आहे किंवा बोर्ड वाकडा आहे. यातलं कोणतं, ते बोर्ड पाव वळण फिरवून परत तसंच सोडल्यावर कळतं. वळण्याची दिशा खोलीच्या हिशेबाने तीच राहिली तर टेबल दोषी. दिशा बोर्डाबरोबर फिरली तर बोर्ड दोषी. दोन मिनिटांचं काम आहे आणि हेच सर्वांत जास्त लोक टाळतात.

कडेसाठी शिसवीसारखं कठीण लाकूड हवं. बाजारात बाभळीच्या कडाही पुष्कळ असतात आणि चांगली वाळवलेली बाभूळ उत्तम उसळी देते. लाकूड ओलं असताना कापून चौकट केली की काही महिन्यांत कोपऱ्याचे तिरके सांधे उघडतात. दुकानात सांध्यात नख घालून बघा. भेग पुट्टीने भरून वरून पॉलिश केलेली असेल तर त्या जागेचा रंग किंचित वेगळा दिसतो. बोर्ड उलटा करा आणि खालची बाजू नीट बघा. प्लाय कडेला स्क्रूने घट्ट धरलेला असावा आणि मधल्या आडव्या पट्ट्या पटाला पूर्ण टेकलेल्या असाव्यात. बारीक खिळ्यांवर धरलेला प्लाय वर्षभरात कडेपासून सुटतो, आणि मग कडेला लागून येणारी सोंगटी त्या फटीत अडखळते.

उसळी एकसारखी आहे का, हे बघायला चारही कडांवर पाच-सहा ठिकाणी एकाच कोनातून स्ट्रायकर मारा. एखाद्या जागी आवाज दबका येऊन स्ट्रायकर मरगळला तर तिथे कड आतून सैल आहे. अशी एक जागा असली तरी डबलचा खेळ बिघडतो, कारण नेमक्या त्याच जागेवर किती जोर द्यायचा याचा अंदाज बसत नाही.

पॉकेटचा व्यास ४.४५ सेंटिमीटर असतो, दीड मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. स्वस्त बोर्डांत पॉकेट मोठं कापून खेळ सोपा केलेला असतो. ते टाळा, कारण त्याची सवय लागली की दुसरीकडे खेळताना प्रत्येक कट, म्हणजे सोंगटीला बाजूने चाटून मारलेला फटका, ओठावर आपटतो. कापलेली धार गुळगुळीत असावी. बोट फिरवल्यावर कुसळ लागलं तर सोंगट्या तिथे ओरखडतात. जाळीत दहा सोंगट्या मावल्या पाहिजेत. जाळी फाटली तर दुसरी सहज मिळते, तिच्यासाठी बोर्ड नाकारू नका.

रेषांवरून डोळे मिटून बोट फिरवा. रेष बोटाला जाणवली तर रंग पॉलिशच्या वर बसलेला आहे. हळू येणारी सोंगटी त्यावर झटका खाते आणि रंग लवकर उडतो. बेसलाइन ४७ सेंटिमीटर लांब, जाड रेष कडेपासून १०.१५ सेंटिमीटरवर. टोकाच्या गोलाचा आणि मधल्या गोलाचा व्यास ३.१८ सेंटिमीटर, बाहेरच्या मोठ्या गोलाचा १७ सेंटिमीटर. यातलं मोठं वर्तुळ मोजलं तरी पुरतं. एकोणीस सोंगट्या रचल्यावर त्यांची रुंदी पाच सोंगट्यांइतकी, म्हणजे जास्तीत जास्त १५.९ सेंटिमीटर होते. वर्तुळात चौफेर जेमतेम अर्धा सेंटिमीटर मोकळा राहायला हवा. सगळीकडून बोटभर जागा उरली तर सोंगट्या लहान आहेत किंवा वर्तुळ मोठं आहे.

बोर्डाबरोबर फुकट मिळणाऱ्या सोंगट्यांचा विचार वेगळा करा, कारण चांगल्या बोर्डावर त्याच घात करतात. सोंगटीचा व्यास ३.०२ ते ३.१८ सेंटिमीटर, जाडी ७ ते ९ मिलिमीटर आणि वजन ५ ते ५.५० ग्रॅम असावं. एका डब्यातल्या एकोणीसही सोंगट्या दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर तोलून बघा. हा काटा आता ऑनलाइन स्वस्तात मिळतो. फुकटच्या डब्यात कधी साडेचार ग्रॅमची आणि सहा ग्रॅमची शेजारी शेजारी सापडते. हलकी सोंगटी कटवर जास्त पळते, जड अडते, आणि राणी वेगळ्या वजनाची निघाली तर कव्हर (राणीपाठोपाठ घालायची आपली सोंगटी) घेतानाचा सगळा हिशेब चुकतो. लाकडी सोंगट्या घ्या. अॅक्रिलिकच्या सोंगट्या टिकतात, पण आपटल्यावर जास्त उसळतात आणि गर्दीतून एक सोडवताना दोन भलत्याच जागी जातात. लाकडी सोंगट्या घेताना त्या उभ्या करून काचेवर घरंगळवा. सरळ जाऊन पडली तर गोल आहे, डुलत गेली तर कडेला चपटी आहे. नवीन सोंगट्यांच्या कडा कोरड्या सुती कापडाने चोळून घ्या, रंगाचे कण निघून जातात.

स्ट्रायकरचा व्यास ४.१३ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको आणि वजन १५ ग्रॅमपेक्षा जास्त नको. हस्तिदंताचे आणि धातूचे स्ट्रायकर नियमात बसत नाहीत. बाजारात जड स्ट्रायकरला मोठी मागणी असते, कारण त्याने सोंगट्या फोडताना धमाका होतो. पण जड स्ट्रायकर सोंगटीला मारल्यावर थांबत नाही, तिच्या मागोमाग पॉकेटमध्ये जातो आणि ड्यू बसतो, म्हणजे दंड म्हणून सोंगटी परत ठेवावी लागते. शिवाय तो कडेवर खळगे पाडतो. पंधरा ग्रॅमचा स्ट्रायकर, दोन्ही बाजूंनी सपाट, धारेला टवका नसलेला, एवढंच बघा. टवका उडालेला स्ट्रायकर त्याच दिवशी बाजूला काढा, कारण तो पटावर केसासारख्या रेघा ओढतो आणि पॉलिश फाटलं की तिथून ओल आत शिरते. त्यासाठी प्रत्येक खेळाआधी नखाने स्ट्रायकरची धार एकदा चाचपायची.

पावडर. यावर दुकानात कुणी बोलत नाही आणि सर्वांत जास्त बोर्ड इथेच बिघडतात. चांगली पावडर म्हणजे बारीक बोरिक अॅसिड. त्याचे कण पातळ पापुद्र्यांचे असतात आणि ते एकमेकांवरून सरकतात, म्हणून सोंगटी तरंगल्यासारखी जाते. अंगाला लावायच्या टाल्कम पावडरीत सुगंध आणि इतर घटक मिसळलेले असतात. तिचा थर दमट हवेत पॉलिशला धरून बसतो आणि नंतर पुसूनही निघत नाही. मैदा किंवा तांदळाचं पीठ तर नकोच. ते चिकटतं, मुंग्या येतात आणि पावसाळ्यात बुरशी धरते.

किती टाकायची? तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढी संपूर्ण पटाला पुरते. मध्यभागी टाका, पण तळहाताने पसरवू नका, कारण हाताचा घाम लागतो. कोरड्या कापडाने किंवा स्ट्रायकर गोल फिरवत पसरवा. पटावर पांढरा थर दिसायला लागला की जास्त झाली. जास्त पावडरीत स्ट्रायकरला पकड राहत नाही, सोंगट्या कडेला लागताना पावडरीचे ढीग साचतात आणि त्या ढिगामुळे उसळी मऊ होते. दर दोन-तीन डावांनंतर कडेच्या बुडातली पावडर ब्रशने काढा. रंगकामाचा मऊ, न वापरलेला ब्रश उत्तम. खेळ संपला की संपूर्ण पट सुती कापडाने पुसायचा. ओलं कापड, तेल, फर्निचरचं पॉलिश, कोलीन यांतलं काहीही लावू नका.

बोरिक पावडर पोटात जाणं चांगलं नाही. फुंकर मारून ती उडवण्याची सवय बंद करा, खेळताना भेळ-वडापाव दूर ठेवा आणि खेळून झाल्यावर हात धुवा. तेलकट बोटांनी पटही खराब होतोच. घरात लहान मूल असेल तर डबी वरच्या फळीवर. युरोपात बोरिक अॅसिड धोकादायक रसायनांच्या यादीत आहे आणि सामान्य ग्राहकाला विकण्यावर निर्बंध आहेत. तिथले कॅरमवाले बटाट्याच्या स्टार्चची बारीक पावडर वापरतात. जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी सामानातून बोरिकची डबी नेण्याऐवजी तीच घ्यावी. कोरड्या, हीटरच्या हवेत ती छान चालते. मुंबईच्या जुलैत मात्र ती चालणार नाही.

नवीन बोर्ड पहिल्या दोन-तीन आठवड्यांत थोडा जड चालतो, कारण पॉलिशचा पृष्ठभाग अजून घासून एकसारखा झालेला नसतो. त्यासाठी काहीजण शून्य नंबरचा पॉलिश पेपर फिरवतात. तसं करू नका. पॉलिशचा थर मुळात पातळ असतो, तो उघडला की पुढच्या पावसाळ्यात प्लाय ओल पितो. रोज थोडी पावडर टाकून कोरड्या कापडाने दहा मिनिटं गोलाकार चोळा. पंधरवड्यात फरक कळतो.

बोर्ड ज्यावर ठेवता त्याकडे बोर्डाइतकंच लक्ष हवं. स्पर्धेत स्टँडची उंची ६३ ते ७० सेंटिमीटर आणि बसण्याच्या खुर्चीची ४० ते ५० सेंटिमीटर असते. घरच्या जेवणाच्या टेबलाची उंची साधारण ७५ असते. त्यावर बोर्ड ठेवला की पट आणखी वर जातो, खांदा उचलून मारावं लागतं आणि मनगट कडेवर नीट टेकत नाही. घडीचा लोखंडी स्टँड घ्यायचा तर तो बोर्डाला चारही कडांखाली आधार देतो का ते बघा. चाळीत आणि मंडळांत ड्रमवर बोर्ड ठेवायची जुनी पद्धत आहे. ड्रमवर बोर्ड फक्त मधल्या पट्ट्यांवर तोललेला असतो. समोरच्याने कोपर टेकवलं की पट कलतो आणि दीर्घ काळात कोपरे खाली झुकतात. ड्रमच वापरायचा असेल तर त्यावर निदान अडीच फूट चौरस, १८ एमएमचा प्लाय ठेवून मग बोर्ड ठेवा.

लेव्हल बघायला गवंड्याची स्पिरिट लेव्हल चांगली. मोबाइलमधलं लेव्हल अॅप वापरलं तर फोन एकदा ठेवून आकडा बघा, मग तिथेच अर्धा फिरवून पुन्हा बघा. दोन्ही वेळा बुडबुडा खोलीच्या हिशेबाने एकाच बाजूला गेला तर टेबल तिरकं, बाजू बदलली तर फोनच चुकतो आहे. पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालून लेव्हल जमवली तर चालतं, पण पुठ्ठा दबत जातो. रबराचा तुकडा घाला.

दिवा पटाच्या बरोबर मध्यावर, वरून, शेडसह. नियमात ६० ते १०० वॅटचा बल्ब सांगितला आहे, त्यासाठी आता ९ ते १२ वॅटचा एलईडी पुरतो. खोलीच्या भिंतीवरची ट्यूब पुरेशी नाही, कारण जवळच्या कडेची सावली बेसलाइनवर पडते आणि पातळ कट मारताना सोंगटीची खरी कड दिसत नाही. शेड एवढी खोल हवी की बसलेल्या माणसाला बल्ब थेट दिसू नये.

कोकण, मुंबई, गोवा इथे बोर्डाचं आयुष्य पावसाळा ठरवतो. जून ते सप्टेंबर बोर्ड जमिनीवर, पलंगाखाली किंवा ओल येणाऱ्या भिंतीला टेकून ठेवू नका. भिंतीला तिरका टेकवलेला बोर्ड स्वतःच्या वजनाने वाकतो आणि एकदा घेतलेला वाक प्लाय सोडत नाही. एक तर स्टँडवर आडवा ठेवा आणि वरून जाड सुती चादर घाला, नाहीतर दोन मजबूत खुंट्यांवर भिंतीपासून इंचभर दूर अगदी उभा टांगा. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवला तर आतली ओल आतच राहते. ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की खालचे स्क्रू एकदा पेचकसाने घट्ट करा, कारण लाकूड आक्रसल्याने ते सैल होतात. विदर्भ-मराठवाड्यात त्रास उलटा आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात कडेचे सांधे उघडतात. तिथे बोर्ड कूलरच्या झोतासमोर आणि खिडकीतल्या उन्हात ठेवू नका.

ऑनलाइन घेण्याबद्दल इतकंच की वरची एकही तपासणी आधी करता येत नाही आणि वाहतुकीत पहिला मार कोपऱ्यांना बसतो. तरीही मागवायचा असेल तर पेटी उघडतानाच व्हिडिओ काढा आणि परतीची मुदत संपण्याआधी कर्ण, पट्टी आणि टकटक या तीन तपासण्या त्याच दिवशी करा. पेटी फाडून टाकू नका, बोर्ड परत पाठवायला तीच लागते. पेटीवरचं "वॉटरप्रूफ" हे वचन कडेच्या आणि पॉकेटच्या कापलेल्या धारेला सहसा लागू पडत नाही, तिथे प्लाय उघडाच असतो. ती धार नवीन असतानाच पातळ, पारदर्शक लाकडी पॉलिशचा एक हात देऊन बंद करता येते. पटावर थेंब पडू देऊ नका आणि पूर्ण वाळेपर्यंत जाळ्या बसवू नका.

घरासाठी आठ किंवा बारा एमएमचा पट, दोन किंवा अडीच इंची कड, पूर्ण २९ इंचांचा आतला पट, लाकडी सोंगट्या वेगळ्या विकत घेतलेल्या. इतकं पुरेसं आहे आणि उरलेले पैसे स्टँडवर घाला. मुलांसाठी २० किंवा २६ इंचांचा लहान बोर्ड घेण्याचा मोह होतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला जमिनीवर बसून पूर्ण मापाचा बोर्ड सहज झेपतो, आणि कोन व जोर यांचा अंदाज त्याच वयात बसतो. लहान बोर्डावर बसलेला अंदाज नंतर मोडावा लागतो. क्लबहाउस, वसतिगृह, मंडळ यांनी बारा किंवा सोळा एमएम आणि तीन इंची कड घ्यावी. वीस आणि चोवीस एमएमचे बोर्ड स्पर्धा भरवणाऱ्यांनी घ्यावेत, कारण ते एकदा मांडले की हलवायचे नसतात. चार आणि सहा एमएमचा पूर्ण मापाचा बोर्ड मात्र कुणीच घेऊ नये. पहिल्या वर्षानंतर तो दुरुस्त होत नाही आणि विकलाही जात नाही.

वापरलेला बोर्ड स्वस्तात मिळत असेल तर जरूर बघा. चार-पाच पावसाळे काढूनही सपाट राहिलेला बोर्ड यापुढे वाकण्याची शक्यता कमी, कारण त्याचं लाकूड पुरतं वाळलेलं असतं. कडेवरचे खळगे, उडालेल्या रेषा, फाटक्या जाळ्या यांवर भाव पाडून घ्या, त्या दुरुस्त होतात. पटावरचा फोड, मधला वाक आणि उघडलेला सांधा या तिन्हींपैकी एक जरी दिसला तरी फुकटही घेऊ नका.